मधाच्या थेंबातून प्रकाश पाहणारा रोड इंजिनिअर: फ्रेनेल आणि अवतरंगांची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात मी एका गेमसाठी तळं बनवत होते. म्हणजे तळ्याचं पाणी खरं वाटेल असा शेडर लिहीत होते. खऱ्या तळ्याच्या काठावर उभं राहून पायाशी बघितलं तर तळाचे दगड दिसतात, आणि लांबवर नजर टाकली तर पाण्यात आकाश दिसतं. माझ्या तळ्यात नेमकं उलटं होत होतं. वरून बघितलं की आरसा, लांबून बघितलं की काच! दीड दिवस घालवल्यावर कळलं की एका ओळीत एकातून कोसाइन वजा करायचं राहून गेलंय. त्या ओळीतल्या व्हेरिएबलचं नाव होतं फ्रेनेल.

खरं सांगायचं तर तोपर्यंत मी त्याला फ्रेस्नेल म्हणत होते. फ्रेंचमध्ये तो 'स' उच्चारत नाहीत. कॉलेजमध्ये ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काचेखाली जी चकत्या-चकत्यांची पातळ भिंग असायची तिचं नाव फ्रेनेल लेन्स, एवढीच माझी ओळख. हा माणूस कोण होता, आणि दहावी-बारावीला आपण 'प्रकाश हे अवतरंग आहेत' असं जे एक वाक्य पाठ करतो त्यासाठी त्याने काय पणाला लावलं होतं, हे मी त्या दीड दिवसानंतर वाचायला लागले.

ऑगस्टिन-जाँ फ्रेनेलचा जन्म 10 मे 1788 चा, फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या ब्रोग्ली गावचा. वडील वास्तुकार, गावच्या जहागीरदार ब्रोग्ली घराण्याच्या वाड्याचं काम त्यांच्याकडे होतं. (याच घराण्यातल्या लुई द ब्रोग्लीने 1924 मध्ये इलेक्ट्रॉनलाही लहर असते असं मांडलं. लहरींचं आणि त्या गावाचं काहीतरी नातं असावं!) फ्रेनेल एका वर्षाचा असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली आणि कुटुंब कांजवळच्या मातिय गावात आलं. मुलगा अभ्यासात मागे होता, आठ वर्षांचा झाला तरी त्याला धड वाचता येत नव्हतं. पण झाडाच्या फांद्यांची खेळण्यातली धनुष्यं आणि बंदुका तो इतक्या हिशोबाने बनवायचा की त्या खरोखर लागायच्या, आणि गावच्या मोठ्यांना त्यावर बंदी घालावी लागली. तब्येत मात्र लहानपणापासून नाजूक.

सोळाव्या वर्षी तो पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये गेला, तिथून पूल आणि रस्ते बांधणीच्या सरकारी कॉलेजात, आणि मग नोकरी. आपल्याकडच्या पीडब्ल्यूडीसारखं खातं समजा. आधी पश्चिमेकडच्या व्हाँदे भागात, मग दक्षिणेला नियॉन्स गावात. दिवसभर मजूर, खडी, मोजमापं आणि हिशोब. त्याला हे काम आवडत नव्हतं, पण तो ते चोख करायचा. ऑफिसमधून आल्यावर लॅपटॉप उघडून स्वतःचं काहीतरी करत बसणारे आपल्यातले जे आहेत, त्यांना हा माणूस लगेच ओळखीचा वाटेल.

1814 मध्ये त्याने वर्तमानपत्रात वाचलं की बियो नावाच्या शास्त्रज्ञाने प्रकाशाच्या ध्रुवीकरणावर निबंध वाचला. हे ध्रुवीकरण काय प्रकरण आहे ते त्याला कळेना. त्याने भाऊ लेओनोरला पत्र लिहून त्यावरची पुस्तकं मागवली. सात वर्षांनी याच विषयात त्याने सगळ्या युरोपला चक्रावून टाकलं!

मधे नेपोलियन आला. मार्च 1815 मध्ये तो एल्बा बेटावरून परतला तेव्हा फ्रेनेल राजाच्या बाजूने त्याला अडवायला निघाला. लढाई वगैरे काही झाली नाही, पण नोकरीतून निलंबन आणि पोलिसांची नजर एवढं पदरात पडलं. तो आईकडे मातियला जायला निघाला. वाटेत पॅरिसला फ्राँस्वा आरागो भेटला. आरागो त्याच्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी मोठा, पण तेव्हाच विज्ञान अकादमीचा सदस्य. त्याने काय काय वाच ते सांगितलं, त्यात इंग्लंडच्या थॉमस यंगचं कामही होतं. फ्रेनेलला इंग्रजी येत नव्हतं.

मातियमधले ते काही महिने मला या सगळ्या आयुष्यातले सगळ्यात आवडते. नोकरी नाही, प्रयोगशाळा नाही, हाताशी फक्त उन्हाळ्याचं ऊन. प्रयोगासाठी प्रकाशाचा अगदी बारीक ठिपका हवा होता आणि त्यासाठी खूप लहान फोकसची भिंग. त्याने पत्र्याला छोटं भोक पाडलं आणि त्यात मधाचा थेंब ठेवला. झाली भिंग. अंतरं मोजायचं मायक्रोमीटर दोरा आणि पुठ्ठ्याचं, धातूचे भाग गावच्या कुलुपं बनवणाऱ्या कारागिराने करून दिले. या सामानावर तारेच्या सावलीच्या कडेला दिसणारे उजळ-काळे पट्टे त्याने मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशोबात मोजले, आणि ऑक्टोबर 1815 मध्ये विवर्तनावरचा पहिला निबंध पॅरिसला पाठवला.

तेव्हा प्रकाश म्हणजे कणांचा मारा हे मत पक्कं होतं. न्यूटनचं नाव त्यामागे, आणि फ्रान्समध्ये लाप्लास, बियो, प्वासाँ अशी दादा माणसं. फ्रेनेल म्हणत होता की लहरीच्या प्रत्येक बिंदूतून पुन्हा छोट्या लहरी निघतात आणि त्यांची बेरीज-वजाबाकी होऊन हे पट्टे पडतात. अकादमीने 1817 मध्ये विवर्तनावर स्पर्धा जाहीर केली. परीक्षक पाच: लाप्लास, बियो, प्वासाँ, गे-ल्युसाक आणि आरागो. पहिले तिघे पक्के कणवादी. म्हणजे कोड रिव्ह्यूला ज्यांच्या आर्किटेक्चरला तुम्ही चूक ठरवताय तेच रिव्ह्यूअर!

प्वासाँने फ्रेनेलचं गणित नीट वाचलं आणि त्यातून असं काढलं की गोल चकतीच्या सावलीच्या बरोब्बर मध्यभागी प्रकाशाचा ठिपका दिसायला हवा. चकतीच्या कडेचा प्रत्येक बिंदू त्या मध्यापासून सारख्याच अंतरावर, म्हणून कडेवरून आलेल्या सगळ्या लहरी तिथे एकाच तालात पोचणार. सावलीत मधोमध उजेड? त्याला वाटलं सिद्धांत इथेच संपला. आरागोने सुमारे दोन मिलिमीटरची चकती घेऊन प्रयोग केला आणि ठिपका दिसला. 1819 मध्ये बक्षीस फ्रेनेलला मिळालं. प्वासाँचं मत काही बदललं नाही. आणि गंमत बघा, आज त्या ठिपक्याला बहुतेक जण प्वासाँचा ठिपका म्हणतात.

पण इथे एक मोठी अडचण शिल्लक होती. इथून पुढचं थोडं शांतपणे वाचा, कारण अवतरंग समजायला हाच भाग लागतो.

लहरी दोन प्रकारच्या. अनुतरंगात माध्यमाचे कण लहर जाते त्याच दिशेने पुढे-मागे होतात, हवेतला आवाज तसा असतो. अवतरंगात कण लहरीच्या दिशेला काटकोनात हलतात. कपडे वाळत घालायची दोरी हाताने वर-खाली झटका, उंचवटा दुसऱ्या खुंटीपर्यंत धावत जातो, दोरीचा तुकडा मात्र जागच्या जागी वर-खाली होतो.

यावर परीक्षेत गणितं येतात आणि तिथे मीही गोंधळायचे, कारण त्यात दोन वेग असतात. समजा दोरी 5 मीटर लांब, वजन 250 ग्रॅम, ताण 20 न्यूटन. मीटरमागे वस्तुमान 0.25 भागिले 5, म्हणजे 0.05 किलो. लहरीचा वेग म्हणजे ताण भागिले हे वस्तुमान, त्याचं वर्गमूळ: 20 भागिले 0.05 बरोबर 400, वर्गमूळ 20 मीटर प्रति सेकंद. दुसऱ्या टोकाला पोचायला पाव सेकंद. आता हात सेकंदाला 5 वेळा, मधल्या रेषेपासून 2 सेंटिमीटर वर-खाली हलतोय. तरंगलांबी 20 भागिले 5, म्हणजे 4 मीटर. आणि दोरीच्या तुकड्याचा स्वतःचा जास्तीत जास्त वेग? 2 गुणिले पाय गुणिले 5 गुणिले 0.02, म्हणजे साधारण 0.63 मीटर प्रति सेकंद. लहर वीसने धावतेय, दोरी पाऊणनेसुद्धा हलत नाहीये. हात जोरात हलवला तर दुसरा वेग वाढतो, पहिला नाही. पहिला वाढवायचा तर दोरी ताणा किंवा हलकी दोरी आणा. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी गणितं सुटतात.

तर यंग, फ्रेनेल आणि लहरवाले सगळेच सुरुवातीला प्रकाशाला आवाजासारखा अनुतरंग समजत होते. अडचण ध्रुवीकरणाची. 1808 मध्ये माल्यूसने पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेलं ऊन कॅल्साइटच्या स्फटिकातून बघितलं, आणि स्फटिक फिरवला की दोन प्रतिमांपैकी कधी ही तर कधी ती मंद होताना त्याला दिसली. म्हणजे त्या प्रकाशाला बाजू होत्या. अनुतरंगाला बाजू कुठून येणार? पुढे-मागे हलणारी गोष्ट कशीही फिरवा, सारखीच. कणवादी खूश होते, कारण कणांना बाजू असू शकते.

फ्रेनेल आणि आरागोने मिळून प्रयोग केला. एकाच उगमातून निघालेले दोन किरण घेतले. दोघांचं ध्रुवीकरण एकाच दिशेला असलं तर नेहमीचे उजळ-काळे पट्टे पडतात. एकमेकांना काटकोनात असलं तर पट्टे गायब. गणित करून बघू. दोन्ही लहरींचा आयाम अ, आणि उजेड आयामाच्या वर्गाप्रमाणे. एकाच दिशेला हलत असतील तर तालात आल्यावर 2अ, वर्ग 4अ². विरुद्ध तालात शून्य. म्हणून पट्टे. आता एक आडवी आणि एक उभी हलतेय. एकूण उजेड अ² अधिक अ², म्हणजे 2अ². ताल कसाही असो, उत्तर तेच. म्हणून पट्टे नाहीत.

आता खरा मुद्दा. समजा प्रकाशात आडव्या-उभ्या हलण्याबरोबर थोडंसं पुढे-मागे हलणंही असतं. किरण जवळपास एकाच दिशेने येत असल्याने दोघांचं ते पुढे-मागे हलणं एकाच रेषेत असतं. मग ध्रुवीकरण काटकोनात असतानाही तेवढ्या भागाची बेरीज-वजाबाकी झालीच असती, आणि फिकट का होईना, पट्टे उरले असते. ते अजिबात उरत नाहीत. म्हणजे पुढे-मागे हलणं शून्य. प्रकाश पूर्णपणे अवतरंग! अवतरंगाची कल्पना अँपिअरने त्याला 1816 मध्येच सुचवली होती, यंगनेही 1817 मध्ये आरागोला लिहिलेल्या पत्रात थोडं आडवं हलणं मान्य केलं होतं. पण थोडं नाही, सगळंच आडवं, असं म्हणायची हिंमत फ्रेनेलने 1821 मध्ये केली. साध्या प्रकाशात दिशा भराभर बदलत राहते, म्हणून त्याला बाजू दिसत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

हिंमत म्हणतेय त्याला कारण आहे. त्या काळी लहरीला माध्यम हवंच, आणि प्रकाशाचं माध्यम म्हणजे सगळ्या अवकाशात भरलेला ईथर. तो हवेसारखा पातळ द्रव मानत, कारण त्यातून ग्रह बिनदिक्कत फिरतात. पण द्रवात अवतरंग जात नाहीत! आडवं सरकवल्यावर परत जागेवर ओढणारा ताठरपणा लागतो आणि तो घन पदार्थात असतो. दोरीचंच सूत्र इथे लावा: वेगाचा वर्ग म्हणजे ताठरपणा भागिले घनता. पोलादात अवतरंग सेकंदाला साधारण 3 किलोमीटर जातो, प्रकाश 3 लाख किलोमीटर. एक लाख पट वेग, म्हणजे ते गुणोत्तर पोलादाच्या एक हजार कोटी पट हवं. आणि त्यातून पृथ्वी अडखळल्याशिवाय फिरायला हवी! प्वासाँने आक्षेप घेतला तो काही खोडसाळपणा नव्हता. खुद्द आरागो, ज्याने त्याला इथवर आणलं, त्यानेही या निष्कर्षाखाली आपलं नाव घालायला नकार दिला. मला आरागोचा राग येत नाही. मीही बहुधा तेच केलं असतं.

फ्रेनेलने काय केलं? ईथर कसा बनलाय याचं समाधानकारक उत्तर त्याच्याकडे नव्हतं. पण प्रयोग एकच गोष्ट सांगत होते, आणि त्याने प्रयोगांची बाजू घेतली. ईथरचं कोडं सुटायला मॅक्सवेल आणि पुढे आइन्स्टाइन यावे लागले. हलणारी गोष्ट म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र निघाली, ईथरची गरजच उरली नाही, अवतरंग मात्र राहिले.

हे घरी बघता येतं. पोलराइज्ड गॉगल असेल तर लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनसमोर तो हळूहळू फिरवा. एका कोनात स्क्रीन काळी पडेल. आता पारदर्शक प्लॅस्टिकवर सेलोटेपच्या पट्ट्या उलटसुलट चिकटवून मधे धरा, पांढऱ्या स्क्रीनवर रंग उमटतील. असे रंग आरागोने 1811 मध्ये अभ्रकात पाहिले होते, त्यांचा हिशोब फ्रेनेलने अवतरंगांनी लावला. याच्या जोडीला एक गणित: साधा प्रकाश एका पोलरॉइडमधून गेला की अर्धा उरतो. पुढे काटकोनात दुसरा ठेवला की शून्य. पण त्या दोघांच्या मधे 45 अंशावर तिसरा सरकवला तर? उजेड परत येतो. 45 च्या कोसाइनचा वर्ग अर्धा, म्हणून अर्ध्याचा अर्धा, त्याचा पुन्हा अर्धा: एक अष्टमांश. अडथळा वाढवल्यावर उजेड वाढतो! मधला पोलरॉइड लहरीची दिशा बदलून देतो, म्हणून.

हे सगळं चालू असताना पोट भरायचं काम वेगळंच होतं. 1819 पासून तो दीपगृहांच्या आयोगावर होता. तेव्हा दीपगृहात धातूचे आरसे वापरत आणि त्यांच्यात बराच प्रकाश वाया जाई. भिंग लावावी तर एवढी मोठी भिंग जाड आणि प्रचंड जड. प्रकाश वळतो तो काचेच्या वक्र पृष्ठभागावर, आतली जाडी नुसतं ओझं. मग ती जाडी कापून टाकायची आणि वक्र कडा तेवढ्या गोल गोल चकत्यांत ठेवायच्या. कल्पना अठराव्या शतकात ब्यूफाँला सुचली होती, पण वेगवेगळे तुकडे घासून, जोडून दीपगृहासाठी ती प्रत्यक्षात आणली फ्रेनेलने. जुलै 1823 मध्ये जिराँद नदीच्या मुखाशी असलेल्या कोर्दुआँ दीपगृहावर ती लागली आणि 30 किलोमीटरच्या पलीकडून प्रकाश दिसू लागला. आज व्हीआर हेडसेट डोळ्यांना लावता तेव्हा बऱ्याचदा तीच चकत्यांची भिंग समोर असते.

1823 हे वर्षच त्याचं होतं. मे महिन्यात अकादमीने त्याला एकमताने निवडलं. जानेवारीत त्याने एक निबंध वाचला होता, त्यात प्रकाश काचेवर किंवा पाण्यावर पडला की किती परत फिरतो आणि किती आत जातो याची सूत्रं अवतरंगांवरून काढली होती. पाण्याचा अपवर्तनांक 1.33 घ्या. सरळ वरून बघताना परत येणारा भाग म्हणजे 0.33 भागिले 2.33, त्याचा वर्ग: फक्त 2 टक्के. म्हणून पायाशी दगड दिसतात. नजर पाण्याला समांतर होत गेली की तो भाग 100 टक्क्यांकडे जातो, म्हणून लांबवर आकाश. मधे 53 अंशाच्या आसपास परत आलेला प्रकाश पूर्ण ध्रुवीकृत असतो, आणि गॉगल लावल्यावर तळ्याची चमक जाते ती त्यामुळेच.

याच निबंधात आणखी एक धमाल आहे. काचेच्या आतून तिरपा येणारा प्रकाश पूर्ण परत फिरतो तेव्हा सूत्रात ऋण संख्येचं वर्गमूळ येतं. माझ्या कोडने इथे नॅन छापून हात वर केले असते. फ्रेनेलने मात्र विचार केला की हे उत्तर काहीतरी सांगतंय, बहुधा लहरीचा ताल पुढे-मागे सरकतोय. त्याने त्या हिशोबाने काचेचा तिरपा ठोकळा बनवला. दोन परावर्तनांत मिळून पाव लहरीचा फरक पडतो आणि सरळ रेषेत हलणारी लहर गोल फिरायला लागते. प्रयोग जुळला. वर्तुळाकार ध्रुवीकरण हे नावही त्याचंच.

तोवर छाती पोखरली गेली होती. क्षयरोग. 1824 नंतर त्याने उरलेली ताकद दीपगृहांसाठी राखून ठेवली, भौतिकशास्त्र जवळपास थांबलं. जून 1827 मध्ये त्याला पॅरिसबाहेर व्हिल-दाव्रेला नेलं, आई सोबत होती. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला रमफर्ड पदक जाहीर केलं होतं, ते घेऊन आरागो तिथे गेला. त्यानंतर आठवडाभराने, 14 जुलै 1827 ला, फ्रेनेल गेला. वय 39. दीपगृहांचं काम पुढे भाऊ लेओनोरने सांभाळलं.

आणि तो परावर्तनाचा निबंध? तो अकादमीत वाचल्यावर हरवला होता. वर्षानुवर्षं कुणालाच सापडेना. 1830 मध्ये फूरिए वारला, त्याच्या कागदपत्रांत तो मिळाला आणि 1831 मध्ये छापला गेला. त्यातलीच सूत्रं सोपी करून श्लिक नावाच्या संगणकतज्ज्ञाने 1994 मध्ये ग्राफिक्ससाठी एक छोटं रूप काढलं, आणि त्यातलं 'एक वजा कोसाइन' मी लिहायला विसरले होते.

तळं आता ठीक दिसतंय. व्हेरिएबलचं नाव मी तेच ठेवलंय.